धोटा, डॉल्बी आणि आतला कान

इचलकरंजीतल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये नवखा माणूस शिरला की त्याचं बोलणंच खुंटतं. आतले कामगार मात्र एकमेकांशी व्यवस्थित बोलत असतात. भुवया, हात आणि ओठांची हालचाल एवढ्यावर त्यांचं भागतं. अगदीच अडलं तर एक जण दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर आले तरी त्यांचा आवाज खाली येत नाही. त्रास होत नाही का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘सुरुवातीला व्हायचा. आता सवय झालीय.’

या प्रकरणाचा विषय ही सवय आहे. कानाच्या आतल्या पेशी मोठ्या आवाजाला सरावत नाहीत. त्रास कमी वाटू लागतो, कारण मन त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतं किंवा ऐकणारी यंत्रणाच मंदावलेली असते. दुसरी शक्यता किती खरी आहे, हे गेल्या दीडशे वर्षांत टप्प्याटप्प्यानं उलगडत गेलं. त्यातला महत्त्वाचा टप्पा तर अगदी अलीकडचा, 2009 सालचा आहे.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला. पुढे त्या एका मागाचं सगळं गाव झालं. साध्या मागात आडवा धागा नेण्याचं काम धोटा करतो. लाकडी धोटा, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात सुताची कांडी. एका बाजूचा दांडा त्याला फटका मारतो, धोटा ताण्यातून सुसाट पलीकडे जातो आणि तिथल्या पेटीत आदळून थांबतो. लगेच तिकडचा दांडा त्याला परत हाणतो. मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा हे चालतं. बारा तासांच्या पाळीत एकाच मागाचे लाखाच्या आसपास फटके होतात आणि कामगाराकडे माग असतात अनेक.

डेसिबलचं गणित फसवं आहे. आकडा 3 नं वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, 10 नं वाढला की दहापट. एका मागाजवळ 90 डेसिबल मोजले, तर तेवढाच दुसरा माग सुरू झाल्यावर 93 होतात, चार मागांचे 96 आणि आठांचे 99. आकडा जेमतेम नऊनं वाढलेला दिसतो, पण कानावर पडणारी ऊर्जा आठपट झालेली असते. वर पत्रा आणि भोवती उघड्या भिंती असल्या की आवाज शोषला जात नाही, फिरून पुन्हा कानावरच येतो.

अमेरिकेच्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं यावर एक हिशेब मांडला आहे. 85 डेसिबलमध्ये दिवसाला 8 तास काम चालेल. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करायचा. 88 ला 4 तास, 94 ला 1 तास, 100 ला 15 मिनिटं. या हिशेबानं 99 डेसिबलच्या शेडमध्ये दिवसभराचा वाटा साधारण 19 मिनिटांत संपतो. पाळीचे उरलेले पावणेबारा तास कान उधारीवर चालतो.

शंभर बॉयलरवाले

धातू ठोकणारे बहिरे होतात, हे निरीक्षण जुनं आहे. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांबद्दल तसं लिहून ठेवलं होतं. मोजमाप करून ते दाखवलं ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी, 1886 मध्ये. त्यांनी 100 बॉयलर बनवणारे कामगार तपासले. साधन म्हणजे खिशातलं घड्याळ: त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, ते मोजायचं. शंभरातल्या एकाचंही ऐकणं धड निघालं नाही. तुलनेसाठी बार यांनी पोस्टमन आणि ओतकाम करणारे मोल्डर घेतले होते. पोस्टमनचे कान सर्वांत चांगले, मोल्डरांचे मधले आणि बॉयलरवाल्यांचे सर्वांत वाईट निघाले.

कोल्हापूरला हा मधला गट ओळखीचा वाटेल. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांनी या शहराला देशाच्या नकाशावर आणलं. पण फाउंड्रीत सगळीकडे आवाज सारखा नसतो. साचे भरण्याचं काम त्या मानानं शांत असतं. खरा मार बसतो तो नॉकआउटला, म्हणजे साचा हादरवून कास्टिंग मोकळं करताना, आणि फेटलिंगला, जिथं ग्राइंडर आणि हवेवर चालणाऱ्या छिन्नीनं कडा साफ करतात. तिथला कामगार डोळ्यांना चष्मा लावतो, कारण ठिणगी दिसते. आवाज दिसत नाही, म्हणून कान बहुतेक वेळा मोकळेच राहतात.

‘साठ’ की ‘पाठ’?

नुकसान होतं ते आतल्या कानात. तिथं हाडाच्या पोटात अडीच वेटोळ्यांची, पाण्यासारख्या द्रवानं भरलेली नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. ती उलगडून सरळ केली तर लांबी साडेतीन सेंटिमीटर. तिच्यात सूक्ष्म तंतूंचे झुबके डोक्यावर घेतलेल्या केशपेशी ओळीनं बसलेल्या असतात: आतल्या बाजूला एका रांगेत सुमारे 3,500 आणि बाहेरच्या बाजूला तीन रांगांत सुमारे 12,000. बाहेरच्या पेशी आलेला आवाज वाढवतात, आतल्या पेशी तो मेंदूकडे पाठवतात. दोन्ही कानांच्या मिळून तीस हजारांच्या आसपास पेशी. जन्मभराचा साठा एवढाच.

उंच पट्टीचे स्वर नळीच्या तोंडाशी आणि खर्जाचे स्वर टोकाशी ओळखले जातात. ही मांडणी उलगडणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना 1961 चं नोबेल मिळालं. गोंगाटाचा पहिला घाव बसतो 4,000 हर्ट्झच्या आसपास. बाहेरच्या कानाची नळी 3,000 हर्ट्झच्या जवळपासचे आवाज आपोआप वाढवते आणि सर्वाधिक मार त्याच्या थोडं वरच्या पट्टीतल्या पेशींना बसतो. ऑडिओग्रॅमच्या, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या, आलेखात नेमकी तिथं एक खाच पडते. ती पाहिली की कानाच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘काम काय करता?’

ही खाच पडलेल्या माणसाला आपण बहिरे होतोय असं वाटत नाही. बोलण्याचा जोर स्वरांत असतो आणि स्वर खालच्या पट्टीत. ते शाबूत असतात, म्हणून समोरचा बोलतोय हे छान ऐकू येतं. पण व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत पटते. स, श, फ, ख, ट यांचा फुत्कार आणि स्फोट तिथंच असतो. त्यामुळे साठ, पाठ, काठ, ताठ हे शब्द एकसारखे ऐकू येऊ लागतात. ‘ऐकू येतं हो, पण कळत नाही’ ही तक्रार इथून सुरू होते आणि घरच्यांना वाटतं, हा लक्षच देत नाही. सतत गोंगाटात काम करणाऱ्याचं हे नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांत सर्वांत वेगानं होतं आणि नंतर वेग मंदावतो. म्हणजे ‘सवय झाली’ असं माणूस म्हणू लागतो, तोवर बराचसा तोटा होऊन गेलेला असतो.

मिरवणुकीनंतरची सकाळ

अनंत चतुर्दशीला कोल्हापूरची विसर्जन मिरवणूक मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश अशी पंचगंगेकडे जाते आणि अनेकदा चोवीस तासांहून जास्त चालते. महाद्वार रोड अरुंद, दोन्हीकडे उंच इमारती. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो. स्पीकरची आख्खी भिंत उभी असेल आणि रस्ता दोन्हीकडून बंदिस्त असेल, तर तेवढा उतार मिळत नाही. चार पावलं मागं सरून कान वाचत नाहीत. 115 डेसिबलला नायोशच्या हिशेबानं दिवसभराचा वाटा अर्ध्या मिनिटात संपतो.

छातीत धडधडतो तो बेस माणसाला घाबरवतो, पण कानाची जास्त हानी करतात मधल्या आणि वरच्या पट्टीतले आवाज. ढोल-ताशाही यातून सुटत नाही. ताशाची काडी पडते तेव्हाचा कडाका क्षणिक आणि तीव्र असतो; पथकातली मुलं तो आठवडेच्या आठवडे सरावात कानाजवळ घेतात. डॉल्बी बंद करून पारंपरिक वाद्यं आणली की शेजाऱ्यांच्या खिडक्यांचा प्रश्न बराचसा सुटतो, वादकाच्या कानाचा सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं शहर म्हणतं, ‘कानाला दडे बसलेत.’ संध्याकाळपर्यंत किंवा एक-दोन दिवसांत ते उतरतात. वादळात आडवा झालेला ऊस काही दिवसांनी शेंड्याकडून पुन्हा उभारी धरतो, तसे केशपेशींचे दमलेले तंतू सावरतात. मुळात मोडलेले मात्र उठत नाहीत. दडे उतरले म्हणजे कान पूर्ववत झाला, अशीच डॉक्टरांचीही अनेक दशकं समजूत होती.

ती समजूत 2009 मध्ये डळमळली. बोस्टनच्या संशोधक शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना 2 तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. उंदरांचे कान दडले आणि काही दिवसांत सुटलेही. चाचणीत ऐकण्याची क्षमता पहिल्यासारखी आली, केशपेशी जागच्या जागी होत्या. जुन्या मोजपट्टीनं सगळं ठीक होतं. मग त्यांनी केशपेशी आणि श्रवणतंतू जिथं जोडले जातात ते सांधे मोजले. उंच पट्टीच्या भागात जवळजवळ निम्मे सांधे नाहीसे झाले होते आणि ते परत आले नाहीत. पुढच्या महिन्यांत त्या सांध्यांमागचे श्रवणतंतूही हळूहळू मरत गेले.

ऑडिओग्रॅमला हे दिसत नाही, कारण ती चाचणी शांत खोलीत होते आणि बारीकशी शिटी ऐकू येते का, एवढंच विचारते. त्याला थोडे तंतू पुरतात. लग्नाच्या हॉलमध्ये चारी बाजूंनी गलका असताना समोरच्याचं वाक्य वेगळं काढायचं, तर भरपूर तंतू लागतात. चाचणीत कान ‘नॉर्मल’ आणि हॉलमध्ये माणूस गोंधळलेला, याला इंग्रजी वैद्यकात ‘दडलेला बहिरेपणा’ अशा अर्थाचं नाव मिळालं. मृत व्यक्तींच्या कानांच्या अभ्यासात वयाबरोबर असे तंतू कमी झालेले आढळले आहेत. मात्र संगीताच्या गोंगाटात वावरणाऱ्या तरुणांच्या चाचण्यांतून एकसारखं उत्तर आलेलं नाही. काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत नाही. उंदरांबाबत शंका उरलेली नाही. जिवंत माणसाचे सांधे मोजण्याची पद्धत हाती येईपर्यंत माणसांबाबत वाद चालू राहील.

पेशी पुन्हा उगवतील का, हा पुढचा प्रश्न. पक्ष्यांत उगवतात. कोंबडी आणि लाव्यांच्या कानांत नव्या केशपेशी येतात, हे 1988 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं. सस्तन प्राण्यांनी ती शक्ती कधीच गमावली आहे. औषधानं ती जागवण्याचा प्रयत्न करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीची मोठी चाचणी 2023 मध्ये फसली. जन्मजात बहिरेपणाच्या एका जनुकीय प्रकारात जनुकोपचारानं मुलं ऐकू लागल्याची बातमी 2024 मध्ये आली आणि ती खरी आहे. पण तो दोष एका प्रथिनाचा आहे. गोंगाटानं गेलेल्या कानाला त्याचा उपयोग नाही.

कानातली शिटी

दडे उतरले तरी काहींच्या कानात आवाज उरतो. कुणी सांगतं रातकिडा ओरडतोय, कुणी म्हणतं कुकरची शिटी लांबून येतेय. सुश्रुतसंहितेत कानाचे 28 रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. त्या काळात ना यंत्रमाग होते, ना स्पीकर. म्हणजे कारणं अनेक आहेत. कानातला मळ, वय, काही औषधं, रक्तदाब अशी यादी मोठी आहे. त्यात गोंगाट हे मोठं कारण.

बाहेर आवाज नसताना हा येतो कुठून? 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी चांगलं ऐकणाऱ्या 80 जणांना अत्यंत शांत खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. 94 टक्के लोकांनी काही ना काही आवाज सांगितला: गुणगुण, शिट्टी, धडधड. श्रवणयंत्रणा कधीच पूर्ण गप्प नसते. 2011 मध्ये शेट आणि मॅकअल्पिन यांनी कर्णनाद असलेल्या, पण ऑडिओग्रॅम नॉर्मल असलेल्या 15 स्त्रिया तपासल्या. कानातून निघणारा मज्जासंकेत त्यांच्यात दुबळा होता, मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचताना मात्र तो इतरांइतकाच जोरकस झालेला होता. याचा सरळ अर्थ असा की, कमी आलेली माहिती भरून काढायला मेंदू आपला आवाज वाढवतो आणि त्या वाढीत आतली खरखरही ऐकू येऊ लागते.

कर्णनाद घालवणारी खात्रीची गोळी आजवर निघालेली नाही. ज्यांचं ऐकणं कमी झालंय त्यांना श्रवणयंत्रानं बऱ्याचदा आराम पडतो, कारण बाहेरचे आवाज आत आले की मेंदूची ओढाताण कमी होते. रात्री पंख्याचा किंवा मंद संगीताचा आधार घेतल्यानं शिटी बोचत नाही. त्रासाची तीव्रता कमी करण्यात आजवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो वर्तनोपचाराचा, म्हणजे त्या आवाजाबद्दलची भीती आणि चीड टप्प्याटप्प्यानं उतरवणाऱ्या समुपदेशनाचा.

कागदावर न येणारा बहिरेपणा

नियमांची कमतरता नाही. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. सर्वोच्च न्यायालयानं 18 जुलै 2005 च्या निकालात हे बंधन ठामपणे उचलून धरलं. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं 2016 मध्ये राज्य सरकारला अंमलबजावणीचे तपशीलवार आदेश दिले. कोल्हापुरात 2017 च्या गणेशोत्सवात तत्कालीन विशेष पोलिस महानिरीक्षक विश्वास नांगरे-पाटील यांनी डॉल्बीमुक्तीचा आग्रह धरला. पुढे डॉल्बी परतलीच. मिरवणुकीतले आकडे दरवर्षी छापून येतात, गुन्हे दाखल होतात आणि पुढच्या वर्षी तेच मंडळ तीच भिंत घेऊन रस्त्यावर येतं.

कारखान्यांची गोष्ट आणखी वेगळी. भारतीय कारखाना नियमांत 8 तासांसाठी मर्यादा 90 डेसिबल, म्हणजे नायोशपेक्षा सैल. 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटानं येणारा बहिरेपणा हा सरकारला कळवायचा आजार म्हणून नोंदवलेला होता. पण यंत्रमागाची असंख्य शेड्स इतकी छोटी की कामगारसंख्येच्या अटीमुळे ती या कायद्याच्या कक्षेतच आली नाहीत. जिथं तपासणीच होत नाही तिथं कळवणार कोण?

दिव्यांग प्रमाणपत्राचाही आधार मिळत नाही. 2016 च्या कायद्यानुसार बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांनी 60 डेसिबलची घट असेल, तर माणूस ‘कमी ऐकू येणारा’ ठरतो आणि 70 झाली की ‘बहिरा’. वीस वर्षं माग चालवलेल्या माणसाची घट वरच्या पट्टीत असते. त्याला नातवाचं बोलणं कळत नाही आणि कागदावर तो धडधाकट असतो.

धोट्याविना चालणारे रॅपियर आणि एअरजेट माग इचलकरंजीत वाढत आहेत. फटका गेला, ही चांगली गोष्ट. मात्र त्यांचा वेग कितीतरी जास्त आहे, त्यामुळे आवाज सुरक्षित मर्यादेत येतोच असं नाही. तोवर कानाचं संरक्षण कामगाराच्या खिशात असायला हवं. कापसाच्या बोळ्यानं फारसं काही अडत नाही. फोमचा इअरप्लग दोन बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, प्लग आत सारून फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. तो पूर्णवेळ हवा. 30 डेसिबल अडवणारा उत्तम प्लग 8 तासांतून अर्धाच तास काढून ठेवला, तरी दिवसभराचं संरक्षण 12 डेसिबलवर घसरतं.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज 85 च्या वर आहे असं धरून चाला. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर दडा बसलाय म्हणून वाट पाहू नका. तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा, कारण त्यावरचं औषध लवकर सुरू केलं तरच लागू पडण्याची आशा असते. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात हा विभाग आहे. आणि मागावर, फेटलिंगला किंवा ढोलपथकात वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तर एकदा ऑडिओग्रॅम काढून घ्या. ‘नॉर्मल आहे’ एवढ्यावर उठू नका, कागदाची प्रत मागा आणि 3,000, 4,000 व 6,000 हर्ट्झचे आकडे पाहा. त्यातला एखादा 25 च्या पुढे गेला असेल, तर प्लग उद्यापासून नको, आजच्या पाळीपासून लावा.